इमारत नसलेले विद्यापीठ



सध्या आपल्या शाळेत सर्वांच्या तोंडी एकच विषय आहे, तो म्हणजे नवी इमारत. माजी विद्यार्थ्यांनी उदार हस्ते देणग्या दिल्या आहेत, आराखडे तयार होत आहेत आणि प्रवेशद्वार कसे असावे यावर शिक्षककक्षातसुद्धा चर्चा रंगते. हा उत्साह पाहून मला आनंदच होतो. मात्र या निधीतून पहिला खर्च कशावर व्हावा, याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ते मोकळेपणाने मांडण्यासाठी मी आज तुम्हाला फ्रान्समधील पॅरिसच्या जुन्या विद्यापीठाची हकिकत सांगणार आहे. इतक्या दूरचे उदाहरण कशाला, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. युरोपातील सर्वांत जुन्या विद्यापीठांत ज्याची गणना होते, त्या विद्यापीठाजवळ आरंभी स्वतःची अशी एकही इमारत नव्हती.

बाराव्या शतकातले पॅरिस डोळ्यांसमोर आणा. सेन नदीच्या मधोमध एक बेट, त्यावर नोत्र दामचे मोठे चर्च आणि चर्चला जोडून एक पाठशाळा. आबेलार नावाचा एक तेजस्वी पण भांडकुदळ शिक्षक याच शतकाच्या आरंभी तिथे आला. आपल्या गुरूशीच त्याने वाद घातला आणि नदीच्या डाव्या तीरावरील सेंट जेनेव्हिएव्हच्या टेकडीवर स्वतः शिकवायला सुरुवात केली. त्याला ऐकायला दूरदूरचे विद्यार्थी येऊ लागले. पुढे इतर शिक्षकही त्या तीरावर जाऊन राहिले. शिक्षक जिथे उभा राहील तिथे वर्ग, असा तो काळ होता. मात्र शिकवण्याचा परवाना देण्याचा अधिकार नोत्र दामच्या चॅन्सेलरकडे, म्हणजे चर्चच्या एका अधिकाऱ्याकडे होता.

त्या काळी विणकर, सुतार, खाटीक असे सर्व व्यावसायिक आपापले संघ बांधून राहत. आपल्याकडेही प्राचीन काळी कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या श्रेणी होत्याच. पॅरिसच्या शिक्षकांनीही तसेच केले. आपल्यात कोणाला घ्यायचे, काय शिकवायचे, कोणत्या नियमांनी वागायचे हे आपणच ठरवू, असे म्हणून ते एकत्र आले. अशा संघाला लॅटिन भाषेत ‘युनिव्हर्सितास’ म्हणत. कोणत्याही धंद्याच्या संघाला हा शब्द चालत असे. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या संघाला तो पुढे कायमचा चिकटला आणि आजचा ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द त्यातूनच आला. मुलांनो, हे नीट लक्षात ठेवा. या शब्दाच्या मुळाशी ना घुमट आहे, ना कमान, ना फाटक. त्याच्या मुळाशी एकत्र आलेली माणसे आहेत.

हे वर्ग भरत कुठे? भाड्याच्या खोल्यांत. कला शाखेचे बरेचसे वर्ग ज्या गल्लीत भरत, तिचे नावच पेंढ्याची गल्ली असे पडले, कारण विद्यार्थी जमिनीवर पेंढा पसरून त्यावर बसत. संघाच्या सभा चर्चमध्ये होत. शिकण्याची आणि व्यवहाराची भाषा लॅटिन होती, म्हणून तो भाग आजही लॅटिन क्वार्टर या नावाने ओळखला जातो.

या संघाची पहिली मोठी कसोटी लवकरच आली. इ. स. १२०० मध्ये एका दारूच्या दुकानातील भांडणातून नगराधिकाऱ्याच्या माणसांकडून काही विद्यार्थी मारले गेले. राजा फिलिप ऑगस्टस याने तेव्हा सनद देऊन विद्यार्थ्यांना संरक्षण दिले. १२१५ मध्ये पोपचा प्रतिनिधी रॉबेर द कुर्सो याने अभ्यासाचे नियम घालून दिले. कला शाखेत शिकवायचे तर किमान सहा वर्षे अध्ययन आणि एकवीस वर्षे वय हवे. धर्मशास्त्र शिकवायचे तर वयाची पस्तिशी गाठलेली हवी. शिक्षकाची पात्रता कागदावर लिहून ठेवण्याची कल्पना किती जुनी आहे पाहा.

खरी कसोटी लागली ती १२२९ मध्ये. उत्सवाच्या दिवसांत एका दुकानात बिलावरून भांडण झाले. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी काठ्या घेऊन परतले आणि त्यांनी नासधूस केली. त्यावर पहारेकऱ्यांनी हल्ला केला आणि त्यात काही विद्यार्थ्यांचे प्राण गेले. शिक्षकांनी न्याय मागितला. तो मिळेना, तेव्हा त्यांनी वर्ग बंद केले आणि शहरच सोडले. कोणी ऑक्सफर्ड-केंब्रिजला गेले, कोणी ओर्लेआँ, आँजे या गावांना, तर कोणी तूलूझला. इंग्लंडच्या राजाने त्यांना आवर्जून निमंत्रण दिले. तूलूझच्या नव्या विद्यापीठाने तर पॅरिसमध्ये शिकवायला बंदी असलेले ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ आमच्याकडे ऐकायला मिळतील, अशी जाहिरात केली. सुमारे दोन वर्षे पॅरिसचे वर्ग असे विस्कटलेले राहिले.

विचार करा, ते असे उठून जाऊ शकले कशामुळे? त्यांना बांधून ठेवणारी वास्तू नव्हती म्हणून. शिक्षक आणि विद्यार्थी निघाले की विद्यापीठच निघाले, मागे उरल्या त्या रिकाम्या खोल्या. राजदरबाराच्याही ते लक्षात आले असावे. शेवटी एप्रिल १२३१ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने एक आज्ञापत्र काढले. त्यात पॅरिसला ‘विद्यांची जननी’ म्हटले आहे. अभ्यासाचे नियम करण्याचा, विद्यार्थ्यांच्या खोल्यांचे भाडे ठरवण्याचा आणि अन्याय झाल्यास वर्ग स्थगित करण्याचा अधिकार त्याने विद्यापीठाला दिला. चॅन्सेलरच्या मनमानीलाही त्यामुळे आळा बसला. (आमच्या दहावीच्या मुलांनी यावरून वर्ग स्थगित करण्याचा अर्ज घेऊन माझ्याकडे येऊ नये, ही विनंती!)

आता या विद्यापीठाची रचना पाहू. त्यात चार विद्याशाखा होत्या. कला ही पायाची शाखा. चौदा-पंधरा वर्षांची मुले तिथे व्याकरण, तर्कशास्त्र इत्यादी विषय शिकत. त्यानंतर धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या वरच्या शाखा. कायदा म्हणजे चर्चचा कायदा, कारण रोमन कायदा शिकवण्यास पोपने १२१९ मध्ये पॅरिसमध्ये मनाई केली होती. कला शाखा सर्वांत मोठी होती आणि तिचे चार गट होते. लॅटिनमध्ये त्यांना ‘नासिओ’ म्हणत. आपण त्यांना गाववाल्यांचे गट म्हणू. फ्रेंच, पिकार्ड, नॉर्मन आणि इंग्लिश असे ते चार गट. नावांवर जाऊ नका. फ्रेंच गटात इटली-स्पेनचे लोक असत. इंग्लिश गटात जर्मन आणि उत्तर युरोपातले लोक असत, आणि पंधराव्या शतकात त्याचे नावच जर्मन गट झाले. प्रत्येक गटाचा स्वतःचा शिक्का, स्वतःची तिजोरी आणि स्वतःचा निवडलेला प्रतिनिधी असे. हे चार गट मिळून रेक्टर निवडत. तेराव्या शतकात त्याची मुदत अवघी तीन महिन्यांची ठरली. हाच रेक्टर हळूहळू साऱ्या विद्यापीठाचा प्रमुख झाला. ज्याला पायाच्या शाखेने आणि तेही थोड्या दिवसांसाठी निवडले, त्याच्यामागून धर्मशास्त्राचे वयोवृद्ध पंडितही चालत.

हे गाववाल्यांचे गट वाचताना मला आपलीच आठवण होते. पिढ्यान् पिढ्या इंदुरात राहूनही आपण मराठी मंडळींनी शाळा, ग्रंथालय, गणेशोत्सव असे आपले गट जपले. परमुलखात आपल्या माणसाला आधार देणे हे त्या गटांचेही काम होते. परंतु पॅरिसचे गट एका विद्यापीठाच्या आत होते, त्याच्या बाहेर नव्हते. वर्गात सर्वांची भाषा एक होती. मी स्वतः पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून शिकले. घरी मराठी, महाविद्यालयात हिंदी. एकीमुळे दुसरीला धक्का लागला असे मला कधी जाणवले नाही. आपली शाळा मराठी आहे म्हणून ती या शहराच्या मोठ्या संघाचा भाग नाही, असे मानण्याचे कारण नाही.

मग या विद्यापीठात इमारती आल्या कशा? त्या आल्या गरीब विद्यार्थ्यांसाठी. ११८० मध्ये जेरुसलेमहून परतलेल्या लंडनच्या एका गृहस्थाने पॅरिसच्या रुग्णालयातील एक खोली अठरा गरीब विद्यार्थ्यांच्या निवासासाठी राखून घेतली. त्याच्या मोबदल्यात त्यांनी रुग्णालयात मरण पावलेल्यांच्या अंत्यविधीत आळीपाळीने क्रूस आणि तीर्थ घेऊन चालायचे. पॅरिसमधील कॉलेजांची ही सुरुवात. म्हणजे ‘कॉलेज’ हे मुळात एक वसतिगृह होते!

त्यातले सर्वांत प्रसिद्ध कॉलेज रॉबेर द सोर्बो याने काढले. उत्तर फ्रान्समधील सोर्बो या खेड्यातल्या गरीब घरातला हा मुलगा शिकून धर्मगुरू झाला आणि राजा नववा लुई याच्या निकटच्या माणसांत गेला. शिक्षणासाठी दारिद्र्याशी झुंजणे म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १२५७ च्या सुमारास राजाने दिलेल्या घरांत त्याने धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांची राहण्या-जेवण्याची सोय केली. आज जगभर ‘सोर्बोन’ हे नाव विद्येचे प्रतीक म्हणून घेतले जाते, ते या वसतिगृहावरून.

त्याची एक व्यवस्था मला फार मोलाची वाटते. तिथे दोन प्रकारचे सभासद असत. ऐपत नसलेल्यांना दर आठवड्याला निधीतून ठराविक रक्कम मिळे. ऐपत असलेले तेवढीच रक्कम स्वतः भरत. यापलीकडे भेद नाही. दोघेही एकाच मेजावर जेवत आणि एकाच नियमाने राहत. आपल्या स्नेहसंमेलनात फी-माफी मिळालेल्या मुलांची नावे व्यासपीठावरून वाचावीत, म्हणजे देणगीदारांना समाधान वाटेल, अशी एक सूचना नुकतीच माझ्याकडे आली. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण माझा या गोष्टीला स्पष्ट विरोध आहे. देणगीदाराचे नाव अवश्य वाचा. घेणाऱ्या मुलाचे नाव वर्गातील शेजारच्या मुलालाही कळता कामा नये. साडेसातशे वर्षांपूर्वी जे एका धर्मगुरूला सुचले, ते आपल्याला जमू नये काय?

सोर्बोनचे दुसरे वैभव म्हणजे ग्रंथालय. पुस्तके हाताने लिहिण्याच्या त्या काळात, १२९० च्या यादीत तिथे १,०१७ ग्रंथ होते. ते विकत घेऊन जमवलेले नव्हते, बहुतेक सभासदांनी मृत्युपत्राने दिलेले होते. गेरार द’आबव्हिल या एकाच विद्वानाने सुमारे ३०० ग्रंथ दिले. सर्वांना लागणारे ग्रंथ साखळीने मेजाला बांधलेले असत, म्हणजे ते कधीही आले तरी जागेवर सापडत. बाकीचे घरी नेता येत. पुढे १४७० मध्ये फ्रान्समधला पहिला छापखाना सुरू झाला तोही याच सोर्बोनमध्ये. दोन शिक्षकांनी पुढाकार घेऊन तीन जर्मन मुद्रकांना तिथे बोलावले होते.

हे सर्व गौरवाचे झाले. पण पुढचेही सांगितले पाहिजे. मान आणि अधिकार वाढले तसे हे विद्यापीठ ताठर होत गेले. १४३१ मध्ये जोन ऑफ आर्क या शेतकऱ्याच्या मुलीवर खटला चालला, तेव्हा पॅरिस इंग्रजांच्या बाजूच्या सत्तेखाली होते. विद्यापीठाच्या पंडितांनी तिच्याविरुद्ध मत दिले आणि तिला जिवंत जाळण्यात आले. पंचवीस वर्षांनी, १४५६ मध्ये, तो निकाल रद्द ठरला. नंतरच्या शतकात ग्रीक आणि हिब्रू या भाषांच्या अभ्यासाकडे धर्मशास्त्राचे पंडित संशयाने पाहू लागले. अखेर राजा पहिला फ्रान्स्वा याने १५३० मध्ये विद्यापीठाबाहेर स्वतंत्र अध्यापक नेमले. आजचे ‘कोलेज द फ्रान्स’ ते हेच. आणि सतराव्या शतकात मंत्री रिशल्यू याने सोर्बोन भव्य स्वरूपात पुन्हा बांधले, सुंदर चर्च उभारले. ते चर्च आजही आहे आणि रिशल्यूची समाधी त्यातच आहे. वास्तू देखणी झाली, पण म्हणून नवे विचार आत आले असे झाले नाही. विज्ञानातले त्या शतकातले बरेचसे मोठे काम विद्यापीठाच्या भिंतींबाहेर झाले.

शेवटी सप्टेंबर १७९३ मध्ये क्रांतीच्या सरकारने हे जुने विद्यापीठ बंद केले. त्यानंतर नेपोलियनने १८०६ ते १८०८ या काळात देशभरच्या शिक्षणाचे एकच सरकारी खाते बनवले आणि त्याचे विभाग पाडून प्रत्येकावर एक अधिकारी नेमला. त्या अधिकाऱ्याचे पदनाम कोणते? रेक्टर! शिक्षकांनी तीन महिन्यांसाठी निवडलेला तो रेक्टर आता वरून नेमलेला अधिकारी झाला. फ्रान्समध्ये आजही रेक्टर म्हणजे शासनाने नेमलेला शिक्षण विभागाचा प्रमुखच. नाव टिकले, अर्थ गेला. संस्थांचे असे होऊ शकते, हे आपण सर्वांनी ध्यानात घ्यावे.

१८९६ च्या कायद्याने विद्यापीठ पुन्हा जन्मले. त्याच सुमारास नेनो या वास्तुशिल्पीने आजची सोर्बोनची वास्तू पूर्ण केली. याच काळात, १८९१ मध्ये, पोलंडहून एक तरुणी तिथे शिकायला आली, कारण तिच्या देशातील विद्यापीठ मुलींना प्रवेश देत नव्हते. तीच मेरी क्यूरी. १९०६ मध्ये ती सोर्बोनमध्ये शिकवणारी पहिली स्त्री ठरली. आपल्या शाळेतील मुलींनी हे साल पाठ करावे. आणि आपणा मराठी माणसांचेही एक ऋण तिथे आहे. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने मराठी भाषेच्या घडणीवर लिहिलेला प्रबंध १९२० मध्ये पॅरिसमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे तो मराठीतही आला. मराठीच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला आजही तो टाळता येत नाही.

मे १९६८ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी मोठे आंदोलन केले. गर्दीने भरलेले वर्ग आणि कोणाचे न ऐकणारा कारभार, ही त्यामागची दोन कारणे होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नवा कायदा आला आणि १९७० मध्ये पॅरिसच्या एका विद्यापीठाची तेरा विद्यापीठे झाली. त्यांतील काही नंतर एकत्र आली. २०१८ मध्ये दोन मिळून ‘सोर्बोन विद्यापीठ’ झाले. जुन्या वास्तूत आज एकाहून अधिक विद्यापीठे नांदतात. महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या प्रशासकीय मंडळांत अध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी बसतात, आणि ते मंडळ अध्यक्ष निवडते. सातशे वर्षे फिरून हे विद्यापीठ काही अंशी आपल्या मूळ कल्पनेकडे परतले.

आता आपल्याकडे वळते. काही विश्वस्त म्हणतात, “मॅडम, आजकाल पालक इमारत पाहून प्रवेश घेतात. चकचकीत शाळा चहूकडे उघडत आहेत. आपण मागे पडलो तर वर्गच रिकामे होतील.” ही चिंता खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. पावसाळ्यात गळणारे छप्पर बदललेच पाहिजे, मुलींसाठी स्वच्छतागृहे वाढवलीच पाहिजेत. पण संगमरवरी प्रवेशद्वार आणि वातानुकूलित सभागृह यांचा क्रमांक पहिला नाही. चकचकीत इमारतीच्या शर्यतीत आपण आपल्याहून श्रीमंतांशी जिंकणार नाही. चांगला शिक्षक, भरलेले ग्रंथालय आणि कोणालाही खाली मान घालायला न लावणारी मदत, या गोष्टी मात्र आपल्या आवाक्यात आहेत.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, जमलेल्या निधीचा एक निश्चित हिस्सा वेगळा काढून त्याच्या व्याजातून गरजू मुलांची फी, गणवेश आणि पुस्तके द्यावीत, आणि ती गुप्तपणे द्यावीत. दोन, ग्रंथालय आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांच्यासाठी दरवर्षी ठराविक तरतूद व्हावी. ज्या घरांत मराठी पुस्तके नुसती पडून आहेत, त्यांनी ती शाळेला द्यावीत. तीन, शाळेच्या सल्लागार समितीवर शिक्षकांनी, पालकांनी आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी स्वतः निवडलेले प्रतिनिधी असावेत. मुलांना मत देता येते की नाही हे नंतर पाहू, आधी त्यांचे म्हणणे तर ऐकू.

या मताशी सर्व सहमत होतील असे नाही. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावे, आम्ही ते छापू. आपली शाळा सुरू झाली तेव्हा ती भाड्याच्या वाड्यात भरत असे, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. तेव्हाही तिला शाळाच म्हणत. येत्या सर्वसाधारण सभेत आराखड्यांवर मत देण्यापूर्वी प्रत्येक विश्वस्ताने एकदा एखाद्या वर्गात मागच्या बाकावर बसून एक तास काढावा, एवढीच माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
प्राचार्या